सारंगाची एकोणचाळीस मिनिटं

रोहा, १८ जून २०२४

कमळाकरदादांस,
दिनानाथचा नमस्कार.

फोन केला की तुम्ही आवाज ओळखता आणि ठेवून देता. पत्राला तशी सोय नाही, म्हणून पत्र. निदान दोन ओळी वाचाल, मग काय फाडायचं ते फाडा.

परवा रविवारी पेणला बोटीच्या स्मारक समितीची बैठक होती. तुम्ही अध्यक्ष, पुढे खुर्चीवर. मी मागे, बंद पंख्याखाली. तुम्ही मला पाहिलंत आणि लगेच चष्मा पुसायला घेतलात. इतका वेळ चष्मा पुसणारा माणूस मी आजवर पाहिला नाही.

'हेमलता' बुडाली त्याला या भाद्रपदात पंचाहत्तर वर्षं होतील. मुंबईहून गणपतीला घरी येणारी माणसं धरमतरच्या खाडीच्या तोंडाशी, तुमच्या गावासमोर बुडाली. बंदरावर दगड बसवायचा, त्यावर बुडालेल्यांची नावं कोरायची, हे छानच आहे. सगळ्यांच्या वर तुमचे आजोबा जोमा यांचं नाव, कारण पहिला मचवा त्यांनी काढला आणि एकोणीस माणसं ओढून आणली. त्यालाही माझं काही म्हणणं नाही.

पण यादी वाचून झाली तेव्हा मी हात वर केला होता. तुम्ही पाहिलंत, तरी सभा संपवलीत. आता इथे विचारतो. बोट हाकणारा सारंग काळुराम, माझा आजा, तोही त्याच पाण्यात बुडाला. त्याचं प्रेत तिसऱ्या दिवशी सापडलं. मग बुडालेल्यांत त्याचं नाव का नाही?

उत्तर मला पाठ आहे. चौकशीच्या साहेबांनी लिहून ठेवलं की सारंगाने बोट वाटेत पलीकडच्या धक्क्याला लावली, चोरून जास्तीची माणसं भरली, म्हणून ती जड झाली आणि बुडाली. पुराव्यादाखल काय, तर वेळ. बोट मुंबईच्या धक्क्यावरून सुटली सकाळी साडेसहाला. बुडाली त्या खडकापर्यंत अंतर नऊ सागरी मैल, बोटीचा वेग ताशी सहा मैल. म्हणजे दीड तास, आठ वाजता तिथे पोचायला हवी. बुडालेल्या एका माणसाच्या मनगटावरचं घड्याळ बंद पडलं ते आठ एकोणचाळीसला. मधली एकोणचाळीस मिनिटं बोट कुठे होती? जी व्यक्ती उत्तर देऊ शकली असती ती मेली होती. वाचलेल्यांतला एक म्हणाला थांबली, दुसरा म्हणाला नाही थांबली. झालं. तेव्हापासून आम्ही बोटबुडवे.

मी आयुष्यभर एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. गाडी उशिरा आली की ड्रायव्हर सतरा कारणं सांगायचे, त्यातलं खरं कुठलं ते मला चेहऱ्यावरून कळायचं. माझ्या आजाचा चेहरा मी पाहिलेला नाही. पण बापाचा पाहिला आहे. बंदरावर जायची वेळ आली की तो बांधावरून लांबचा फेरा घ्यायचा.

बाकी सगळं ठीक. तुमची बहीण जनी बरी आहे. थोडा दम लागतो तिला जिना चढताना, वयाचं आहे.

दिनानाथ


रोहा, ९ जुलै २०२४

कमळाकरदादा,

उत्तर येणार नाही हे धरूनच चाललो होतो. तरी पोस्टमन दिसला की जनी दारात जाते. मी लिहिलं आहे हे तिला सांगायला नको होतं.

आज मात्र तुम्हाला खाली बसून वाचावं लागेल.

त्या बैठकीत नागोठण्याच्या शाळेतल्या भूमिकाबाई आल्या होत्या. ते बंद पडलेलं घड्याळ त्यांच्याच आजोबांचं. त्यांनी रुमालात बांधून आणलेलं, सगळ्यांना दाखवलं. तुम्हीही हातात घेतलंत. मी गेल्या आठवड्यात मुद्दाम नागोठण्याला गेलो आणि त्यांना एकच विचारलं, आजोबा काय करायचे? म्हणाल्या, "रेल्वेत गार्ड होते. घड्याळाचे इतके पक्के की आजी त्यांच्या जेवायच्या वेळेवर भात उतरवायची."

दादा, रेल्वेत गार्ड!

मी त्यांच्या ओट्यावरच बसलो. बाईंनी पाणी आणलं, त्यांना वाटलं मला चक्कर आली.

तुम्हाला आठवत असेल, आपल्या लहानपणी म्हातारी माणसं वेळ सांगितली की विचारायची, "मुंबई टाइम का स्टँडर्ड?" त्या काळात मुंबई शहर आपल्या वेगळ्या वेळेवर चालायचं आणि रेल्वे सगळ्या देशाच्या वेळेवर. मुंबईची वेळ मागे असायची. किती मागे? एकोणचाळीस मिनिटं.

धक्क्यावरचं घड्याळ मुंबईच्या वेळेचं. बोट सुटली साडेसहाला, ती मुंबईची साडेसहा. गार्डाचं घड्याळ रेल्वेच्या वेळेचं. त्यातले आठ एकोणचाळीस म्हणजे मुंबईचे बरोबर आठ. साडेसहा ते आठ, दीड तास. नऊ मैल, ताशी सहा मैल. बोट कुठेही थांबली नव्हती. माझ्या आजाने एकही माणूस चोरून घेतला नव्हता. साहेबांनी दोन वेगवेगळ्या घड्याळांची वजाबाकी केली आणि जो फरक उरला तो एका मेलेल्या माणसाच्या नावावर टाकून ते जेवायला गेले.

मी रोह्याच्या स्टँडवर उभा राहून रडलो. जुने कंडक्टर भेटले, म्हणाले साहेब, काय झालं? म्हटलं, गाडी वेळेवर होती.

आता माझं मागणं सांगतो. दगडावर काळुरामचं नाव घाला, हे एक. आणि दुसरं जे मी गेल्या पत्रात लिहिलं नाही, तेच खरं पहिलं आहे. जनीला एकदा घरी येऊ द्या. तुमच्या वडिलांनी तिला घर बंद केलं ते सारंगाच्या घरात गेली म्हणून. "ज्यानं आमच्या आयशीला बुडवला त्याच्या नातवाच्या चुलीवर माझी पोर रांधणार?" हे त्यांचे शब्द. तुमची आजी धोंडुबाई त्या बोटीत होती, राग मी समजू शकतो. पण आता रागाला जागा उरली नाही. शेहेचाळीस गणपती झाले, तिने माहेरचा मखर पाहिलेला नाही. गौरीच्या दिवशी ती आमच्याकडे सगळं करते आणि मग मागच्या दारी जाऊन बसते, पेणच्या दिशेला तोंड करून. मी विचारलं तर सांगते, वारा घेते.

तिला दम लागतो ते वयाचं नाही. हृदय थकलं आहे. डॉक्टरांनी प्रणिताला, आमच्या मुलीला, बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. या गणपतीपुढे धरून चालू नका म्हणाले.

हिशोब पुन्हा करून बघा. कुणालाही दाखवा.

दिनानाथ


रोहा, १७ जुलै २०२४

कमळाकरदादा,

काल तुमचा फोन आला. इतक्या वर्षांत पहिला.

तुम्ही एवढंच बोललात, "मास्तरकी करून दाखवलीस. आता त्याच घड्याळानं आमच्या आजाचा पन सांग. मचवा पावणेनवाला निघाला, बंदरावरच्या घड्याळात. बोट आठला बुडाली तर माझा आजा पाऊण तास काय करत व्हता? विड्या फुकत व्हता? आपली बायको बुडताना बघत व्हता?" आणि ठेवलात.

त्यावर मी लगेच लिहायला बसलो ते हेच सांगायला की माझ्या मनात तसं काहीही नव्हतं. चार ओळी लिहून फाडल्या, कारण ते खरं नाही. मला ते दिसलं होतं. नऊ जुलैला पाकीट चिकटवताना दिसलं होतं. बंदर कचेरीतलं घड्याळ मुंबईच्या बोटीवरून लावायचे, आणि ते लावणारा सारंग माझाच आजा, तेव्हा ते कुठल्या वेळेचं होतं हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. साहेबांनी गार्डाचे आठ एकोणचाळीस धरले, त्यापुढे सहाच मिनिटांत मचवा निघाला असं लिहिलं, आणि जोमा वीर झाले. माझा आजा सुटतो तेव्हा ती मिनिटं कुठेतरी जाणारच. ती तुमच्या दारात जाऊन पडतात हे मला कळत होतं, आणि तरी मी पत्र टाकलं.

का टाकलं? जिंकायचं होतं म्हणून. एवढी वर्षं मान खाली घालून चालल्यावर एक दिवस मान वर करावीशी वाटते, तेव्हा समोर कोण उभं आहे हे माणूस बघत नाही.

जनीला फोनचं सांगितलेलं नाही. "दादाचा व्हता ना?" असं तिने विचारलं. म्हटलं, बँकेचा होता.

दिनानाथ


रोहा, ५ ऑगस्ट २०२४

दादा,

हे पत्र माझं नाही, जनीचं आहे. तिच्या हाताला कंप आहे म्हणून मी लिहितो. ती पलंगावर उशीला टेकून बसली आहे आणि मी काही गाळलं तर कळावं म्हणून दर थोड्या वेळाने माझ्याकडून वाचून घेते आहे.

तिला सगळं कळलं. बँकेच्या फोनवर कुणी रडत नाही, असं म्हणाली. मग माझ्याकडून आधीची पत्रं काय लिहिली ते तोंडी वदवून घेतलं. हिशोब ऐकला. मला वाटलं होतं आजेसासऱ्यांचं नाव सुटलं म्हणून तिला आनंद होईल.

"तुमी घड्याळा मोजलीत," ती म्हणाली. "पानी नाय मोजलांत?"

मला उमगेना.

"त्या दिशी तीथ कंची व्हती?"

द्वितीया. गणपतीच्या दोन दिवस आधी, भाद्रपदाची बीज. दर वर्षी समितीचा नारळ त्याच तिथीला वाहतात.

"मंग बिजेला भरती कवा?"

दादा, आपण दोघेही खारातली पोरं. तिथीची पाऊणपट, तेवढ्या वाजता भरती, हे आपल्याला पाढ्यांच्या आधी शिकवलं. बिजेला दीड वाजता भरती. म्हणजे ओहोटी सकाळी साडेसातच्या सुमाराला. आठ वाजता खाडी रिकामी. पाणी नुकतं वळलेलं. मला हे येत नाही असं नाही. पण एसटीत गेल्यापासून मी वेळ म्हटली की भिंतीकडे बघतो. ही मुंबई टाइम, ती स्टँडर्ड टाइम, एवढाच वाद घालत बसलो. तुमचं गाव दोन्हीवर चालत नव्हतं, ते पाण्यावर चालत होतं.

आता पुढचं तिचं, जसं सांगितलं तसं:

"दादा, आजाचा मचवा चिखलात बसला व्हता. आरडा ऐकू आला तसा आजा धावला. तो एकटा नाय, शेजारचा नामा नि त्याचा भाव पन. कमरेएवढ्या चिखलात उतरून मचवा रेटत व्हते. पानीच नाय तर मचवा हलंल कसा? समोर मानसा ओरडतान, नि मचवा हातभर सरकतो, पुन्ना बसतो. आजी त्यांच्यात हाय ह्या आजाला ठाव व्हता. तिचा आवाज आपल्याला कलला असा तो बोलायचा. मी विचारलां, खरंच कलला का? तर बोलला, गो, बायकोचा आवाज कलत नाय का? पानी आला तवा मचवा उचलला. तवर तिचा आवाज बंद झालता.

"ह्या त्यानं मला बांधावर सांगितलां. मी आठ-नऊ वर्साची आसन. बाबाला नाय सांगितलां, बाबा लहान व्हता तवा नि त्याची आई गेलेली. साहेबानं आजाला विचारलां, आरडा ऐकल्यावर कवा निघालास? आजा बोलला, लगेच. खोटा नाय बोलला तो. तो निघालाच व्हता. कारकुनानं मचवा कवा पान्यात गेला ती येल लिवली.

"मी बोलले नाय कुनाला. आजा बोलला व्हता, नको सांगू, लोका मला हार घालतान, त्यांना वाईट वाटंल. तुला पन नाय सांगितलां. सांगितलां असता तर कदाचित तुमी एवढा धरून बसला नसता. पन मला काय म्हाईत व्हता का ह्या पाऊन तासाचा एक टोक आपल्या घरात हाय नि दुसरा ह्यांच्या?"

इथे तिला धाप लागली. प्रणिताने पाणी दिलं. आता डोळे मिटून पडली आहे, पण मी लिहायचा थांबलो की एक डोळा उघडते.

ती म्हणते, दगडावर काही बदलू नका. आजेसासऱ्यांचं नाव नको, आजाचं आहे तसं राहू दे. आजाचं तिने जे सांगितलं तेही कुणाला बोलू नका. तुम्ही मात्र आजाबद्दल मनात काही आणू नका, एवढ्यासाठी हे पत्र. तिच्या येण्याबद्दल लिहू का म्हणून मी विचारलं. मान हलवली, नाही म्हणून.

ती नाही म्हणाली, तरी मी लिहितो. या दादा. समितीचा विषय नको, हिशोब नको. हरलो मी. तिला बसमध्ये बसवून आणण्याची वेळ निघून गेली आहे, नाहीतर मीच दारात घेऊन आलो असतो. आता तुम्हीच या.

दिनानाथ


रोहा, १६ ऑगस्ट २०२४

दादा,

मंगळवारी तुम्ही आलात, तिच्याजवळ बसलात, सगळं उरकेपर्यंत थांबलात आणि मग चहासुद्धा न घेता स्टँडकडे चालू लागलात. मी मागे धावायला निघालो. प्रणिता म्हणाली, मामांना जाऊ द्या, ते माणसांत रडणारे नाहीत. म्हणून तोंडावर बोलायचं ते इथे लिहितो.

तुम्ही दारात आलात तेव्हा दुपार होत होती. सकाळपासून ती कुणाला ओळखत नव्हती. मला भाऊजी म्हणाली, प्रणिताला आई म्हणाली. तुम्ही पलंगाजवळ गुडघे टेकलेत आणि तिने डोळे उघडून लगेच म्हटलं, "दादा." आमच्यापैकी कुणाला जमलं नाही ते तुम्हाला एका पावलात जमलं. मला हेवा वाटला, खोटं कशाला सांगू.

मग तिने विचारलं, "दादा, पानी आयलां का रं?"

मला कळलं ती कुठे आहे. ती बांधावर होती, किंवा चिखलात, आजाच्या शेजारी. मी काहीतरी सांगणार होतो, इथे आहेस, रोह्याला, औषध घे असलं काहीतरी. माझं डोकं तसंच चालतं.

तुम्ही तिचा हात धरलात आणि म्हणालात, "आयलां गो. चांगली भरती लागली. मचवा उचलला. चल, आई वाट बघते, घरा जाऊ."

ती हसली, दादा. वरचे दोन दात पडल्यापासून ती तोंडावर पदर धरून हसायची. त्या दिवशी पदर धरला नाही. मग थोड्या वेळाने तिचा श्वास लांब लांब होत गेला. तुम्ही हात सोडला नाहीत.

पिशवीतून तुम्ही हिरवं लुगडं काढलंत ते चालतीबोलती बहीण डोळ्यांपुढे धरून घेतलेलं होतं, हे मला कळलं, कारण सोबत खण होता आणि प्रणिताला म्हणालात, हिच्या मापाचा शिवून घे म्हणून आणला होता. तेच माहेरचं लुगडं तिच्या अंगावर घालून तिला नेलं. वहिनींनी त्याच्या पदराला गाठ मारून तांदूळ दिले होते, तेही सोडले नाहीत, तसेच ठेवले.

रात्री मला झोप नाही. सवय वाईट, मी पंचांग काढलं. मंगळवारी अष्टमी होती. अष्टमीला सहाला भरती. तुम्ही तिला पाणी आलं म्हणून सांगितलंत तेव्हा बारा वाजत होते. खाडी तेव्हा पार कोरडी होती, दादा, आणि तुम्ही बंदरावरचे, तुम्हाला हे माझ्याआधी ठाऊक होतं.

मी आयुष्यभर माणसांच्या वेळा तपासल्या. कुणी पाच मिनिटं खोटी सांगितली तर लाल शाईने लिहायचो. तुमचं हे खोटं मी देवापुढे ठेवलं आणि नमस्कार केला.

काळुरामचं नाव घालण्याच्या समितीच्या ठरावाची चिठ्ठी आज आली, तुमच्या सहीची. जनीने नको म्हटलं होतं, मी तुम्हाला कळवलंही होतं. तुम्ही ऐकलं नाहीत. बापाचं आयुष्य ज्या नावासाठी लांबचा फेरा घेण्यात गेलं, ते नाव दगडावर येणार. चिठ्ठी हातात घेऊन तिला दाखवायला आतल्या खोलीत गेलो. पलंगावरची गादी उन्हात टाकली होती, नुसत्या फळ्या होत्या. तिथेच उभा राहिलो.

एक मागणं आहे, शेवटचं. काल अस्थी गोळा केल्या. प्रणिता म्हणते हरिहरेश्वरला जाऊ, जावई म्हणतात गाडी काढतो. मी कुणाला काही बोललेलो नाही. मला तिला तुमच्या खाडीत सोडायची आहे. पण थेट बंदरावर नको. आधी तुमच्या घरी आणतो. पुढच्या दाराने. ओटीवर थोडा वेळ ठेवू, वहिनींनी हळदकुंकू लावावं, पोरासोरांनी बघावं ही आपली आत्या म्हणून. शेहेचाळीस वर्षांनी माहेरी आलेली बाई उंबऱ्यावरून परत जाऊ नये. रात्र राहिली तरी चालेल, तुम्हाला चालणार असेल तर. मी ओट्यावर झोपेन.

मग दुसऱ्या दिवशी तुम्ही मचवा काढा. किती वाजता निघायचं ते तुम्ही सांगायचं. तुम्हाला पाणी कळतं.

तुमचा,
दिनानाथ